विमान-अंतराचं अ‍ॅप: उन्हाळ्यापासून वापरतेय, त्याबद्दल

कोथरूडमधून लेह, लक्षद्वीप, अरुणाचल अशा आडबाजूच्या सहली नेते, त्यामुळे हे अ‍ॅप जवळजवळ रोज उघडलं जातं. दोन विमानतळ टाकले की अंतर आणि उड्डाणाची वेळ समोर. अंतराबद्दल तक्रार नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून सगळ्यात जवळचं अंतर ते काढतं. लक्षद्वीपचं अगत्ती ते अरुणाचलचं पासीघाट साधारण 3,080 किलोमीटर. खरे हवाई मार्ग थोडे वळसे घेतात, पण अंदाजाला एवढं पुरतं.

गडबड आहे ती वेळेची. याच दोन ठिकाणांसाठी ते चार तास वीस मिनिटं दाखवतं. मध्ये थेट विमानच नाही, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही! एका काकांनी ऑफिसात येऊन मोबाइल माझ्यापुढे धरला, “मग तुम्ही दोन दिवस कशाचे लावताय?” मी कागदावर मांडून दिलं: अगत्तीहून कोची, तिथून कोलकाता किंवा गुवाहाटी, मुक्काम, मग पासीघाटचं छोटं विमान, तेही ठरावीक वारीच. काकांनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे उडण्यापेक्षा बसूनच राहायचं की!”

आकडे ताडून पाहिले तर अ‍ॅपचा हिशोब अगदी साधा निघाला. ताशी 800 किलोमीटर धरायचे आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळवायचा. मोठ्या जेटला हे ठीक. पण अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1,200 मीटरची, तिथे एटीआर हे पंख्याचं छोटं विमान उतरतं आणि त्याचा वेग ताशी 500च्या आसपास. कोची-अगत्ती अ‍ॅपमध्ये तासाभराचं, प्रत्यक्षात दीड तासाच्या घरात.

लेहची तर वेगळीच तऱ्हा. विमानतळ 3,256 मीटर उंचीवर, हवा विरळ. दुपारी ऊन तापलं की ती आणखी विरळ होते आणि वाराही उठतो, म्हणून प्रवासी विमानं बहुतेक सकाळीच येतात-जातात. पुण्याहून लेह सरळ रेषेत 1,770 किलोमीटर, म्हणजे अ‍ॅपच्या मते पावणेतीन तास. पण सकाळचं विमान दिल्लीहून पकडायचं, म्हणून आमची मंडळी रात्रीच लोहगाव गाठतात, पहाट दिल्लीच्या टर्मिनलवर काढतात.

जाता-येताची वेळही ते सारखीच दाखवतं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो, त्यामुळे गुवाहाटीहून दिल्लीला परतताना जास्त वेळ लागतो. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात हा फरक धरलेला असतो, शिवाय टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीपर्यंतच्या रस्त्यावर, जाणारा वेळही. गिऱ्हाइकाला वेळ सांगायची असेल तर मी ते वेळापत्रकच उघडते.

फुकटच्या आवृत्तीतल्या जाहिराती सोसवतात. डोकं उठतं ते विमानतळांच्या तीन अक्षरी कोडच्या यादीने: लेह आयएक्सएल, पासीघाट आयएक्सटी, पोर्ट ब्लेअर आयएक्सझेड, बागडोगरा आयएक्सबी. घाईत बोट एक ओळ खाली गेलं की लेहवाले अंदमानात. शोधताना गावाचं पूर्ण नाव टाकलेलं बरं.