छोटं हायस्कूल की मोठं? अमेरिकेतल्या शहरात सरकारी शाळा निवडताना

न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागोसारख्या शहरांत मूल आठवीत गेलं की नववीची शाळा निवडायची वेळ येते. बऱ्याचदा प्रश्न असा असतो: चारशे मुलांचं छोटं सरकारी हायस्कूल, की दोन हजारांचं मोठं? आपण भारतीय पालक आधी वेबसाइटवरचं शाळेचं रेटिंग बघतो. छोटीला दहापैकी पाच आणि मोठीला आठ दिसले की बऱ्याच घरांत विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटू नये असं मला मनापासून वाटतं. शाळा कशी शिकवते यापेक्षा तिथे कोणाची मुलं येतात, हेच त्या आकड्यातून जास्त कळतं.

एक हिशोब करून बघा. समजा, छोट्या शाळेतली 400 पैकी 300 मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली आहेत. त्यांतली 60 टक्के गणितात पास होतात आणि उरलेल्या 100 मधली 90 टक्के. शाळेचा एकूण निकाल लागला 67.5 टक्के. मोठ्या शाळेत 2000 मुलं, त्यांत कमी उत्पन्नाच्या घरांतली 400. त्यांतली 50 टक्के पास, बाकीच्यांतली 85 टक्के. एकूण निकाल 78. म्हणजे दोन्ही गटांतली मुलं छोट्या शाळेत पुढे आहेत, तरी यादीत मोठी शाळा वर दिसते! हे आकडे मी कल्पून घेतलेत, पण शाळांच्या खऱ्या रिपोर्ट कार्डांतही (जाहीर होणाऱ्या निकालपत्रकांतही) असं होऊ शकतं.

म्हणून एकूण निकाल बाजूला ठेवा आणि दोन्ही शाळांची गटवार पानं उघडा. 2015 च्या केंद्रीय शिक्षण कायद्यामुळे प्रत्येक राज्याला शाळांचे निकाल वंश, उत्पन्न, अपंगत्व, इंग्रजी शिकत असलेली मुलं अशा गटांनुसार जाहीर करावेच लागतात. तुमच्या मुलासारखी मुलं ज्या गटात येतात, तो गट दोन्हीकडे काय करतोय ते बघा. मात्र ‘एशियन’ या एका रकान्यावर फार विसंबू नका. गेल्या वर्षी बांगलादेशातून आलेला मुलगा आणि इथेच जन्मलेली इंजिनिअर आईबापांची मुलगी, दोघंही त्याच रकान्यात असतात.

छोट्या शाळेचे आकडे वाचताना आणखी एक पथ्य पाळा. बारावीत शंभरच मुलं असतील तर एक मूल म्हणजे एक टक्का. आणखी पाच मुलं वेळेत ग्रॅज्युएट झाली नाहीत, म्हणजे त्यांचं हायस्कूल वेळेत पूर्ण झालं नाही, की ग्रॅज्युएशनचा रेट 92 वरून 87 वर येतो. शाळेत काही बिघडलं असेलच असं नाही. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की यादीच्या वरच्या टोकाला छोट्या शाळा जास्त दिसतात, तशा तळालाही जास्त दिसतात, कारण छोटा आकडा जास्त हलतो. तेव्हा मोठ्या शाळेचं एक वर्ष चालेल, छोटीची निदान तीन-चार वर्षं एकत्र बघा. गट फारच छोटा असेल तर मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून रकाना कोराच ठेवतात. त्यावरून काहीही ठरवू नका.

गरिबीचा आकडाही जपून वाचा. पूर्वी कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी असलेलं फ्री लंच किती मुलांना मिळतं यावरून शाळेची आर्थिक स्थिती कळायची. आता बऱ्याच शहरांत सगळ्यांनाच जेवण फुकट असतं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत ते 2017 पासून आहे. त्यामुळे त्या टक्क्यामागची मोजणी कशी झाली, ते विचारावं लागतं.

आता एक अवघड गोष्ट. ‘तिथे ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलं जास्त आहेत’ हे वाक्य आपल्या घरांत शाळा नाकारायचं कारण म्हणून सर्रास बोललं जातं. ते अन्यायाचं आहे, आणि चुकीचंही. न्यूयॉर्कने 2002 नंतर मोठी, ढासळलेली हायस्कूलं बंद करून शंभराहून जास्त छोट्या शाळा काढल्या, दर इयत्तेत साधारण शंभर मुलं. त्यांत बहुसंख्य मुलं ब्लॅक आणि हिस्पॅनिक, कमी उत्पन्नाच्या घरांतली. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तिथे लॉटरी लागली, म्हणून एमडीआरसी या संशोधन संस्थेला निवड झालेल्या आणि न झालेल्या मुलांची सरळ तुलना करता आली. छोट्या शाळांतल्या मुलांचा चार वर्षांत ग्रॅज्युएट होण्याचा दर सुमारे 9 टक्के-अंकांनी जास्त निघाला. पण नुसत्या छोटेपणाने हे होत नाही. छोट्या शाळांवर प्रचंड पैसा लावणाऱ्या गेट्स फाउंडेशननेच 2009 मध्ये मान्य केलं की त्यांतल्या अनेक शाळांत मुलांची प्रगती फारशी झाली नाही.

मोठ्या शाळेची खरी ताकद विषयांत आहे. एपी (म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) फिजिक्स, एपी कॅल्क्युलस, तीन-चार परकीय भाषा, ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स, सगळं एका छताखाली. छोटीत कॅल्क्युलसचा एकच वर्ग असतो आणि तो नेमका ऑर्केस्ट्राच्याच तासाला येतो. मग मुलीला एक सोडावं लागतं. काही छोट्या शाळा ही उणीव जवळच्या कॉलेजातल्या वर्गांनी भरून काढतात. खेळांचंही तसंच. एकाच इमारतीतल्या तीन-चार छोट्या शाळा मिळून संघ उतरवतात.

छोटीत मात्र मूल हरवत नाही. सलग चार दिवस गैरहजर राहिलं तर कोणाला तरी ते जाणवतं. कॉलेजच्या शिफारसपत्राची वेळ येते तेव्हा काउन्सेलर मुलाला नावाने ओळखत असतो. एका काउन्सेलरमागे 250 मुलं असावीत असं त्यांची राष्ट्रीय संघटना सांगते. दोन्ही शाळांत हा आकडा विचारा.

स्टायव्हेसंटसारखी प्रवेश परीक्षा घेणारी शाळा या तुलनेत आणूच नका. तिथली मुलं आधीच निवडून घेतलेली असतात.

माझं मत विचाराल तर मूल बुजरं असेल, नुकतंच भारतातून आलं असेल, किंवा मागे पडलं तरी गप्प बसणारं असेल, तर मी छोटी शाळा निवडेन, रेटिंग दोन-तीन अंकांनी कमी असलं तरी. गणितात वर्षभर पुढे असलेलं, स्वतःहून शिक्षकांच्या मागे लागणारं मूल असेल तर मोठी. शाळा बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी मागा: अकरावी-बारावीचं पूर्ण टाइमटेबल आणि 10 टक्क्यांहून जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण. टाइमटेबल द्यायला शाळा का-कू करत असेल, तर अकरावीच्या दोन-तीन मुलांनाच विचारा की हवा तो विषय मिळाला का, आणि कशावर पाणी सोडावं लागलं.