जुन्या बाजारातला आठ इंची ग्राइंडर: सात महिन्यांनंतर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो होतो पाईप पाना बघायला, घेऊन आलो बेंच ग्राइंडर, म्हणजे टेबलावर बसवायचं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं धार लावायचं यंत्र. आठ इंची, बिडाचा, एकट्याने उचलला तर कंबर धरेल एवढा जड. पट्टीवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं. ०.५ एचपी, २८०० आरपीएम आणि ४१५ व्होल्ट एवढंच वाचता येत होतं. "काका, चालतो का?" विचारलं तर म्हणाले, "दादा, इथं लाईट कुठंय? हातानं फिरवून बघा." फिरवला. अर्धा फेरा घेऊन थांबला. त्या अर्ध्या फेऱ्याच्या जोरावर तीन हजारांवरून २,२०० ला सौदा पटला.

४१५ व्होल्ट डोळ्यांनी वाचलं होतं, डोक्यात शिरलं घरी आल्यावर. थ्री फेज! आणि माझ्याकडे घरगुती सिंगल फेज.

म्हटलं, आधी खोलू तरी. चाकं आवळून धरणाऱ्या दोन नटांपैकी उजवा पान्याच्या दोन झटक्यांत निघाला. डाव्याशी मात्र अर्धा तास झटापट केली. गंज सोडवायचं तेल ओतलं, पान्याला पाईप लावून लटकलो, तरी हलेना. मग आठवलं, डाव्या टोकाचे आटे उलटे असतात. अर्धा तास मी तो नट आवळत होतो! दोन्ही बेअरिंग ६२०४, आतलं ग्रीस वाळून चिक्कीसारखं झालेलं. नवी शील्डवाली जोडी बसवल्यावर हाताच्या एका झटक्यात रोटर आरामात फिरत राहिला. यंत्र खरंच चांगलं आहे, हे तेव्हा पटलं.

वाइंडिंगवाल्यांनी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितलं, वाइंडिंग ठणठणीत निघालं. पण बाहेर टोकं तीनच, म्हणजे स्टारचा जोड (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं जिथे एकत्र येतात तो) आतच बांधून टाकलेला. त्यांनी दोरा कापून, वॉर्निशखालचा तो जोड शोधून सोडवला आणि सहा टोकं बाहेर काढून डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणी, करून दिली. डेल्टात तीच मोटर २३० वर चालते. फेज-न्यूट्रल दोन टोकांना, तिसऱ्याला २५ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा रन कपॅसिटर (मोटर चालू असताना सतत जोडलेला राहतो तो). व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावणं जास्त चांगलं, पण त्याचा खर्च ग्राइंडरच्या दुपटीवर जात होता. पहिल्यांदा चालू केला तर उलटा फिरला. नशिबाने चाकं लावली नव्हती. उलट्या फिरण्याने दोन्ही नट सैल होतात. कपॅसिटरची वायर दुसऱ्या टोकाला नेल्यावर सरळ झाला. बॉडीला अर्थिंग नव्हतं, तेही तेव्हाच केलं.

सोबत आलेली चाकं टांगून लाकडी मुठीने ठोकून बघितली. एक टण्ण वाजलं, दुसरं नुसतं ठक्, म्हणजे आत तडा. ठक् वाजलेलं हातोड्याने फोडूनच टाकलं, नाहीतर भंगारातून परत कुणाच्या तरी मशीनवर चढलं असतं. टण्ण वाजलेलंही झिजून निम्मं झालं होतं. ३६ (भरड) आणि ६० (बारीक) ग्रिटची नवी दोन आणली. आठ इंची चाकाची कड या वेगाला सेकंदाला साधारण ३० मीटर धावते. त्यामुळे चाकावर ३५ मीटरची मर्यादा छापलेली आहे ना, हे बघूनच घेतली. फ्लँजखालची (चाकाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या लोखंडी चकतीखालची) कागदी चकती फेकू नका. टूल रेस्ट (हत्यार टेकवायचे आधार) नव्हतेच, ते फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. चाकापासून ३ मिलिमीटरवर ठेवतो.

सगळं धरून ५,७०० च्या आसपास गेले. नवा सहा इंची हलका ग्राइंडर याहून बराच स्वस्तात आला असता, हे बायकोने दोनदा सांगून झालंय.

आता सात महिन्यांचं बोलायचं तर पटाशा, रंध्याची पाती, ड्रिल, शेजारच्या काकूंची विळी, गावाकडून आलेली खुरपी, सगळ्यांना यावरच धार लागते. वजनामुळे टेबलावर थरथर नाही. पण कपॅसिटरवर मोटरची ताकद कमी पडते. पूर्ण वेग घ्यायला सहा-सात सेकंद लागतात, आणि ३६ च्या चाकावर जाड पट्टी जोरात दाबली तर आवाज बसतो. हात हलका ठेवायला शिकलो. वेग घेईपर्यंतच्या त्या सहा-सात सेकंदांत बाजूला उभं राहायची सवयही लागली, नव्या चाकाला ती हवीच.

दोन पटाशा मात्र वाया घालवल्या. कड निळी पडली आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. आता दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवतो. त्यातूनच जुलैत एक गंमत झाली. ओल्या हत्याराचं पाणी बंद चाकावर रात्रभर मुरलं, खालच्या बाजूला साचलं, आणि सकाळी चालू करताच टेबलावरचे डबे नाचायला लागले. लगेच बंद केला, चाक दोन दिवस वाळवलं, ड्रेसर (चाकाचा पृष्ठभाग सारखा करायचं अवजार) फिरवला, तेव्हा शांत झालं.

सध्या डावीकडे तारेचा ब्रश लावायचा विचार आहे. तिकडच्या गार्डवर मार्करने मोठ्या अक्षरात "उलटे आटे" लिहून ठेवलंय.