गाईसाठी मेलॉक्सिकॅम इंजेक्शन: दोन वर्षांचा अनुभव

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याला राहतो, दावणीला चार गाई. गेल्या श्रावणात कपिलेला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली. मागचं उजवं सड टणक, कासेला हात लावू देईना, वैरणीला तोंड नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिकबरोबर वेदना आणि सूज कमी करणारं मेलॉक्सिकॅम दिलं. पिवळंधमक औषध, मानेत टोचलं. संध्याकाळी धारेच्या वेळी ती रवंथ करत उभी होती. सूज ओसरायला मात्र तीन दिवस गेले.

तक्रार एकच. आमच्याकडे मोठीच बाटली मिळते, एका गाईला लावून उरलेलं वाया जातं.

औषध आणायला गेलो तर एका दुकानात माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुसऱ्या एका वेदनाशामकाच्या, बाटल्या पुढे केल्या, म्हणे लवकर लागू पडतं. मी परत आलो. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 पासून बंदी आहे. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. 1992 ते 2007 या काळात लांब चोचीची गिधाडं देशात शंभरातली तीनच उरली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, तूट भरून निघणार कधी? 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाले. एसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच बनतं. मेलॉक्सिकॅम गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलंय, म्हणून मी नाव वाचल्याशिवाय बाटली घेत नाही.

गिधाडं कमी झाली तशी मढ्यांवर कुत्री वाढली, आणि त्यांच्यामागून पिसाळण्याची भीती आली. फाशीसारख्या (अँथ्रॅक्स) रोगाचे बहुतेक जंतूही गिधाडाच्या पोटातल्या जहाल आम्लात मरतात, कुत्र्याच्या पोटाचा तो भरवसा नाही.

मार्चमध्ये आमची म्हातारी गंगी गेली. शेवटच्या आठवड्यात तिला वेदनेसाठी फक्त मेलॉक्सिकॅमच चालू होतं, म्हणून पुरली नाही, माळावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कड्यावरून, जिथे त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात तिथून, एकेक उतरू लागली. मी सात मोजली. उघडी मान आत घालून ओढत होती, एकमेकांवर फिस्कारत होती. जवळ गेलो नाही, बांधावर बसून राहिलो. मला भरून आलं. कुत्री आली तेव्हा त्यांच्या वाट्याला हाडंच होती.