बारा जणींची यादी आणि माझी वही: मुलींचं युवा बास्केटबॉल आठ महिने पाहिल्यावर

जुलै २०२५ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात मुलींचा १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप सुरू झाला. सांगलीच्या भाचीने फोनवर हट्ट धरला, "मावशी, तू फक्त एक मॅच बघ, मग बोल," म्हणून मी पहिली मॅच लावली. ती पंधरा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी. मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळले, मग गुडघा गेला, मग बँकेतली नोकरी लागली आणि बास्केटबॉल म्हणजे वर्षातून एखादी एनबीए फायनल एवढंच उरलं. त्या एका मॅचचे आता आठ महिने झाले आहेत. वही भरत आली आहे. कुणी विचारलं की हे बघण्यासारखं आहे का, तर नुसतं हो म्हणून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

खर्च जवळजवळ काही नाही. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, युवा स्पर्धांचे बरेच सामने यूट्यूबवर फुकट बघता येतात आणि जुने सामनेही पूर्णच्या पूर्ण पडून आहेत. मोबाइलवर लाइव्ह आकडे उघडे ठेवायचे आणि मॅच टीव्हीवर लावायची. खरी किंमत झोपेची. ब्रनो उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं. तिकडे सकाळी अकराची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच, नेमकी बँकेच्या गर्दीत; आणि तिकडे रात्री साडेआठची म्हणजे आपली मध्यरात्र. त्या नऊ दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही. एका चांगल्या मॅचच्या चौथ्या क्वार्टरमध्ये आमचं वायफाय गेलं, तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्पर्धेची रचना आधी समजून घ्या, नाहीतर चुकीच्या मॅचेस बघाल. वर्ल्ड कपला सोळा टीम, चार गट. गटात शेवटी आलेली टीमही घरी जात नाही, सोळाच्या सोळा टीम बाद फेरीत जातात. तिथे पहिलीच मॅच हरल्या तरी नवव्या ते सोळाव्या क्रमांकासाठी खेळत राहतात. म्हणजे प्रत्येक टीमच्या नऊ दिवसांत सात मॅच. मला या व्यवस्थेतलं सर्वात जास्त काही आवडलं असेल तर त्या खालच्या क्रमांकाच्या लढती. पदक गेलेलं, स्टेडियम अर्धं रिकामं, पाय जड झालेले. अशा वेळी एखादी मुलगी टर्नओव्हर झाल्यावर, म्हणजे हातातला बॉल समोरच्यांकडे गेल्यावर, मागे पळत येते की पंचांकडे हात पसरून उभी राहते, हे बघून तिच्याबद्दल जेवढं कळतं तेवढं अमेरिकेने कुणाला सत्तर-ऐंशी गुणांनी हरवलेल्या मॅचमध्ये कळत नाही. पहिले चार दिवस मी फक्त अमेरिका बघत बसले होते. ते चार दिवस वाया गेले असं आता वाटतं.

अमेरिकाच जिंकली हो शेवटी. फायनलला ऑस्ट्रेलियाला ८८–७६ हरवलं आणि सानिया हॉल स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. नावात आपलेपणा वाटला म्हणून भाचीने तिला पहिल्याच दिवशी आपली मानलं होतं, त्यामुळे त्या रात्री सांगलीत दिवाळी.

आता आकड्यांकडे येते, कारण नवीन माणूस तिथेच फसतो, मीही फसले. आकड्यांच्या तक्त्यात शेवटी ईएफएफ म्हणून एक रकाना असतो. हिशोब सोपा आहे: गुण, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (बास्केट होईल असा पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) यांची बेरीज करायची आणि त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर वजा करायचे. समजा एकीने १४ गुण, ६ रिबाउंड, ३ असिस्ट, २ स्टील केले, बेरीज २५. सात शॉट हुकले, एक फ्री थ्रो हुकला, चार वेळा बॉल घालवला, वजा १२. ईएफएफ १३. दिसायला छान. पण तिने समोरच्या गार्डला किती वेळा आत जाऊ दिलं, हे यात कुठेच नाही. स्क्रीन लावून, म्हणजे वाटेत उभं राहून, दुसरीला मोकळं करणारी, रिंगखाली अंग लावून उंच मुलीला बाहेर ठेवणारी, सतत बोलून डिफेन्स लावणारी, यांच्यापुढे शून्याशिवाय काही लिहिलेलं नसतं. दुबळ्या टीमविरुद्ध फुल कोर्ट प्रेस लावून, म्हणजे पूर्ण मैदानभर अंगावर जाऊन, मिळवलेले रिंगजवळचे सोपे लेअप आणि शेवटच्या दोन मिनिटांत, चार गुणांच्या फरकात, हात समोर असताना मारलेला जंपशॉट, तक्त्यात दोन्हींची किंमत सारखीच.

म्हणून मी वहीत माझे स्वतःचे रकाने पाडले. डाव्या हाताने शॉट पुरा करते का. डबल टीम, म्हणजे दोघी एकदम अंगावर, आल्यावर बॉल घाबरून सोडते की बघून देते. बाकावर बसवल्यावर चेहरा कुठे असतो. आणि चौथा रकाना, लँडिंग. त्याबद्दल पुढे.

मुलींना ओळखणं सुरुवातीला भयंकर अवघड गेलं. कॅमेरा दूर, नावं अशी की उच्चार करताना जीभ अडखळते. मी जर्सी नंबर आणि केसांवरून खुणा लिहायला लागले: "८ नंबर, दोन वेण्या." पुढच्या मॅचला निम्म्या टीमने दोन वेण्या घातलेल्या. शेवटी चालीवरून ओळखायला शिकले. आमच्या वेळी कोच म्हणायचे की खेळाडू तोंडावरून नाही, पाठीवरून ओळखावा. तेव्हा हसू यायचं.

खरा उपयोग जुन्या मॅचेसनी झाला. स्पर्धा संपून ऑगस्टमध्ये हात रिकामे झाले, तेव्हा मागचे वर्ल्ड कप उपसायला लागले. २०१९ चा बँकॉकचा १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप जरूर बघा. अमेरिकेच्या त्या बारा जणींच्या टीममध्ये रायन हॉवर्ड, अलिया बॉस्टन, केटलिन क्लार्क आणि पेज ब्यूकर्स होत्या. डब्ल्यूएनबीए म्हणजे अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नव्या खेळाडू ओळीने निवडतात तेव्हा, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग चार वर्षी पहिली निवड याच चौघींची झाली. एका बाकावर चार वर्षांच्या चार पहिल्या! आणि या टीमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध फायनल जिंकायला ओव्हरटाइम लागला, ७४–७०. मी ती मॅच दोनदा पाहिली. पहिल्यांदा नावं माहीत होती म्हणून, दुसऱ्यांदा नावं विसरायचा प्रयत्न करून. दुसऱ्यांदा पाहताना ऑस्ट्रेलियाच्या मुलीच जास्त दिसल्या.

क्लार्कची गोष्ट तर उद्याच्या स्टार मुलींच्या याद्या करणाऱ्यांनी पाठ करावी अशी. बँकॉकला ती बाकावरून यायची, सर्वोत्तम खेळाडूचा मान हॉवर्डला मिळाला. दोन वर्षांनी, २०२१ ला हंगेरीतल्या डेब्रेत्सेनमध्ये, त्याच स्पर्धेत तो मान क्लार्कला. २०१९ ला कुणी तिच्या गुणांची सरासरी बघून शेरा मारून ठेवला असेल तर तो आता वही लपवत असेल. उलट बाजूही आहे: ब्यूकर्स २०१८ ला मिन्स्कच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्येच सर्वोत्तम ठरली होती आणि पुढे सगळं तसंच घडलं. म्हणजे कधी लवकर कळतं, कधी नाही. कुणाचं लवकर कळेल आणि कुणाचं नाही, हे आधी सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

डेब्रेत्सेनच्या त्याच स्पर्धेत माली उपांत्य फेरीत गेली होती. आफ्रिकेची टीम तिथवर पहिल्यांदाच पोचली. सिका कोने नावाची मुलगी रिंगखाली असे रिबाउंड ओढायची की जणू बॉल तिच्या घरचा. शॉट बाहेरून फारसे पडत नव्हते, पण हुकलेला बॉल परत त्यांच्याच हातात. पुढे ती डब्ल्यूएनबीएपर्यंत गेली. भाचीला मी ही मॅच मुद्दाम दाखवली, कारण तिच्या कोचचं सगळं लक्ष लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटवर आहे आणि बॉक्सआउट, म्हणजे रिबाउंडसाठी अंग लावून समोरचीला मागे ठेवणं, कुणी शिकवत नाही. (हे कोचना कळलं तर तिची जागा जाईल, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही.)

अमेरिका कायम जिंकते म्हणून कंटाळा येईल, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक वेळा जिंकते हे खरं. पण २०१६ ला झारागोझात १७ वर्षांखालचं विजेतेपद ऑस्ट्रेलियाने नेलं, त्यात एझी मॅगबेगोर होती. २०१७ ला इटलीतल्या उदिनेत रशियाने १९ वर्षांखालच्या फायनलला अमेरिकेला ८६–८२ हरवलं. २०२३ ला माद्रिदमध्ये त्याच फायनलला स्पेन अमेरिकेकडून तीनच गुणांनी हरली, ६९–६६. त्या स्पेनच्या इयाना मार्टिनवर माझं लक्ष तेव्हापासून, म्हणजे ती मॅच मी उशिरा पाहिली तेव्हापासून, खिळलं. २०२५ च्या युरोबास्केटला, म्हणजे युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेला, ती थेट मोठ्या बायकांच्या टीममध्ये होती आणि स्पेन फायनलला बेल्जियमकडून ६७–६५ हरली. युरोपात असंच चालतं: चांगली मुलगी लहानपणापासून क्लबमध्ये, अठरा-एकोणीसची झाली की मोठ्यांच्या लीगमध्ये. अमेरिकेत शाळा, मग कॉलेज, मग ड्राफ्ट. परदेशी मुलगी ड्राफ्टच्या वर्षात वीस वर्षांची होत असेल तर पात्र ठरते, म्हणून फ्रान्सची डोमिनिक मालोंगा २०२५ ला दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली, तेव्हा तिच्याबरोबर निवडल्या गेलेल्या अमेरिकन मुली वयाने मोठ्या होत्या. त्यांची सरळ तुलना केली की घोटाळा होतो.

वयाचा घोटाळा युवा स्पर्धांतही आहेच. गट १ जानेवारीवर ठरतो. २०२५ च्या १९ वर्षांखालच्या स्पर्धेला जानेवारी २००६ ची मुलगी आणि डिसेंबर २००७ ची मुलगी एकाच मैदानावर. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि त्या वयात दोन वर्षं म्हणजे खांदे, दम, सगळं. आता मी बारा जणींची यादी उघडली की उंचीच्या आधी जन्मतारीख बघते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मात्र कंटाळवाणा गेला. मुली आपापल्या क्लबला, कॉलेजला पांगतात, सगळं फुकट नसतं, अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅचेस आपल्या पहाटे. मी महिनाभर प्रयत्न केला आणि सोडला. ज्यांना एका मुलीच्या मागे वर्षभर जायचंय त्यांच्यासाठी ठीक. मला स्पर्धाच आवडते, नऊ दिवसांची, जत्रेसारखी.

त्याआधी सप्टेंबरमध्ये मलेशियात १६ वर्षांखालच्या मुलींचा आशिया कप झाला. भारत डिव्हिजन बीमध्ये, म्हणजे खालच्या गटात, होता. तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, त्यामुळे संध्याकाळच्या मॅच ऑफिसातून निघता निघता बसमध्ये. मुलींनी फायनलला इराणला हरवून गट जिंकला आणि डिव्हिजन एमधली जागा मिळवली. असंच २०१७ ला बेंगळुरूत घडलं होतं. भाचीच्या वयाच्या मुली निळ्या जर्सीत बघताना माझे आकड्यांचे रकाने कोरे राहिले, हे कबूल करते. पण नंतर थंड डोक्याने पुन्हा पाहिलं. हाफ कोर्टात बॉल फिरवताना आपल्या मुली ड्रिबल फार टाकतात, पास उशिरा सुटतो. डिव्हिजन एमध्ये जपान, चीन, ऑस्ट्रेलिया असतात आणि त्या तेवढा वेळ देत नाहीत. वर्ल्ड कपचं तिकीटही तिथूनच, पहिल्या चारात आल्यावर मिळतं. शिरीन लिमये पुण्याच्या कोर्टवरून भारतीय टीममध्ये गेली, हे आमच्याकडच्या मुलींना माहीत असतं. तिच्यानंतर कोण, हे विचारलं की गप्प होतात.

एक पथ्य मी तिसऱ्या महिन्यात पाळायला लागले, आधीच पाळायला हवं होतं. या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुली आहेत. त्यांच्या अंगाबद्दल, वजनाबद्दल लोक जे लिहितात ते वाचवत नाही, आणि माझ्याही वहीत पहिल्या आठवड्यात "जड आहे" असं दोन ठिकाणी लिहिलेलं होतं. खोडलं. त्यांच्या खासगी खात्यांच्या मागेही जात नाही. कोर्टवरच्या चाळीस मिनिटांपुरतंच माझं काम.

आणि तो चौथा रकाना. मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा आतला अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं. २०२२ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सर्वोत्तम खेळाडू जूजू वॉटकिन्स, तिचा मार्च २०२५ मध्ये कॉलेजच्या मॅचमध्ये तोच गेला आणि पुढचा अख्खा सीझन बुडाला. ते दृश्य मी एकदाच पाहिलं, पुन्हा लावलं नाही. माझा गेला तेव्हा आवाज आला होता. त्यामुळे एखादी उडी मारून एका पायावर उतरली, गुडघा आत वळला, की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. बाकी कुणी हे बघत असेल असं वाटत नाही. पण कुणावर पैज लावायचीच झाली तर मी दोन पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरणाऱ्या मुलीवर लावीन.

पुढचा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप जुलै २०२६ ला, पुन्हा ब्रनोलाच. २००९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली. वहीच्या शेवटच्या पानावर मी वेळांचं कोष्टक आत्ताच आखून ठेवलंय, तिकडची वेळ डावीकडे, आपली उजवीकडे. भाचीला त्याचा फोटो पाठवला. तिने उत्तरादाखल गच्चीवरचा व्हिडिओ पाठवला: पाटावरून उडी, दोन पाय, गुडघे वाकलेले. सोळा वेळा. मागून माझ्या बहिणीचा आवाज येतोय, खालच्या काकू ओरडतायत म्हणून.