डॅक घेताना: '३०० तास वाजू द्या, मग बोला'

डॅक म्हणजे डिजिटल संगीताचा अॅनालॉग सिग्नल करून अॅम्प्लिफायरला देणारं यंत्र. माझ्या गळ्यात मारलेल्या डॅकच्या जाहिरातीत चार गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: ईएस ९०३८ चिप, ३८४ किलोहर्ट्झपर्यंत सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं, तो आकडा), पूर्ण बॅलन्स्ड आउटपुट आणि लिनियर पॉवर सप्लाय. त्यातल्या तीन धादांत खोट्या निघाल्या. चौथी अर्धी खरी होती, आणि भांडताना सगळ्यात जास्त त्रास तिनेच दिला. ही पद्धत काही एकट्या त्या विक्रेत्याची नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात डेमोपासून होते. एकच अॅम्प्लिफायर, तेच स्पीकर, दोन डॅक आणि मध्ये एक सिलेक्टर. आधी एक साधा, नावाजलेला डॅक ऐकवला, मग त्यांचा. फरक लगेच जाणवला: बेस भरीव, गाणारीचा आवाज दोन पावलं पुढे आलेला. अशा वेळी कोणीही मान डोलावेल. घरी आल्यावर मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. सीडी प्लेयर आणि डॅकचं आरसीए (साध्या, नेहमीच्या ऑडिओ केबलचं) आउटपुट साधारण २ व्होल्ट असतं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. यांचा डॅक २.४ व्होल्ट देत होता, म्हणजे सुमारे दीड डेसिबल जास्त. एवढी वाढ कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळते, कारण पातळी वाढली की बेस आणि ट्रेबल दोन्ही अधिक भरल्यासारखे वाटतात. तुलना करायचीच असेल तर दोन्ही डॅकमधून पूर्ण पातळीचा १०० हर्ट्झचा टोन वाजवा, आउटपुटचे व्होल्ट मोजा आणि जास्तीवाल्याचा डिजिटल व्हॉल्यूम कमी करून दोघांना एका रेषेत आणा. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, स्वस्तातले मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला काहीही आकडे दाखवतात. मी पातळी जुळवून पुन्हा ऐकलं, तर कोणता कुठला हे मला सांगता येईना.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, अगदी प्रेमळ: "अहो, अजून नवीन आहे. ३०० तास वाजू द्या, मग आवाज उघडतो. त्यानंतर बोलू." ऐकायला हा ऑडिओवाल्यांचा नेहमीचा सल्ला वाटतो. आता हिशोब करा. ३०० तास म्हणजे रात्रंदिवस अखंड वाजवलं तरी साडेबारा दिवस. माल परत करायची मुदत होती दहा दिवसांची. रोज तीन तास ऐकणाऱ्याचे तर शंभर दिवस जातात. यंत्र तापून स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण त्याला फार तर अर्धा-पाऊण तास. उरलेले तास कोणासाठी आहेत ते उघड आहे. कुठल्याही विक्रेत्याने सांगितलेला 'ब्रेक-इन'चा, म्हणजे नवं यंत्र वाजवून मुरवण्याचा, काळ परतीच्या मुदतीपेक्षा मोठा असेल, तर माझ्या मते तिथेच व्यवहार थांबवावा.

मुदत संपायच्या आत, डॅकचं खोकं न उघडता दोन गोष्टी तपासता येतात. पहिली सॅम्पलिंगची. डॅक यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा आणि साउंड सेटिंगमध्ये तो कोणते फॉरमॅट स्वीकारतो ते पाहा. मॅकवर ते ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दिसतं. ड्रायव्हर, केबल सगळं पाहून झालं तरी माझी यादी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर संपत होती. जुन्या यूएसबी ऑडिओ क्लास १ ची मर्यादा तीच, म्हणजे आत यूएसबीचा सिग्नल घेणारा स्वस्तातला जुना रिसीव्हर बसवला होता. पुढच्या पट्टीवरचा 'हाय-रेस' लिहिलेला निळा दिवा मात्र इमानेइतबारे पेटलेला, यूएसबी केबल काढून टाकली तरी! खरं तर ३८४ किलोहर्ट्झ ऐकायला लागतात कोणाला? सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरतात, आणि माणसाचा कान २० च्या आसपासच थांबतो. पण पैसे ३८४ चे घेतले होते ना.

दुसरी तपासणी बॅलन्स्डची. मागे दोन सोनेरी एक्सएलआर (तीन पिनांची) सॉकेट होती, दिसायला झकास. खऱ्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये पिन २ वर सिग्नल असतो, पिन ३ वर तोच उलटा आणि पिन १ ग्राउंड. डॅक बंद करून, सगळ्या केबल काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप करतो, त्या सेटिंगवर) ठेवला, एक टोक पिन १ ला आणि दुसरं पिन ३ ला लावलं. बीप. दोन्ही बाजूंना बीप. पिन ३ सरळ ग्राउंडला जोडून टाकली होती, म्हणजे आरसीएचाच सिग्नल नुसत्या महागड्या सॉकेटातून बाहेर काढला होता.

एवढं झाल्यावर खोकं उघडलं. चार स्क्रूंपैकी एकावर वॉरंटीचं स्टिकर होतं. ते फाडायच्या आधी मी फोटो काढले, तुम्हीही काढा, नंतर विक्रेता आधी त्या स्टिकरवरच बोट ठेवतो. आत लिनियर सप्लायचा जड ट्रान्सफॉर्मर असायला हवा होता. त्या जागी काडेपेटीएवढा, मोबाइल चार्जरच्या जातीचा हलका स्विचिंग सप्लाय, आणि शेजारी तळाला डबल-साइड टेपने चिकटवलेली लोखंडी पट्टी. तिचं काम एकच, खोकं हातात घेतल्यावर जड लागलं पाहिजे. स्विचिंग सप्लाय वाईटच असतो असं नाही, उत्तम डॅकमध्येही तो असतो. पट्टी मात्र कुठल्याच चांगल्या डॅकमध्ये नसते.

आता ती अर्धी खरी गोष्ट. ९०३८ नावाच्या चिपा एकाहून जास्त आहेत. ईएस ९०३८ प्रो ही ८ चॅनलची मोठी चिप, चारही बाजूंनी मिळून ६४ पाय. ईएस ९०३८ क्यू२एम ही २ चॅनलची, पोर्टेबल वस्तूंसाठी केलेली, चिमुकली आणि बाहेर पाय न दिसणारी. माझ्या बोर्डवर चिपवर रुपेरी हीटसिंक चिकटवला होता, नाव वाचता येऊ नये म्हणूनच. पण कडेने टॉर्च मारला की कळत होतं: एकही पाय बाहेर आलेला नव्हता. किंमत प्रोची, चिप क्यू२एम. विक्रेत्याचं म्हणणं, "९०३८च आहे की! प्रो असं आम्ही कुठे लिहिलं?" खरंच लिहिलं नव्हतं.

आणि क्यू२एम काही टाकाऊ चिप नव्हे. कागदावर तिची डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) १२९ डेसिबल आहे, सीडीच्या १६ बिटांना ९६ पुरतात. डॅकचा आवाज चिपच्या नावापेक्षा तिच्यापुढच्या अॅनालॉग सर्किटवर जास्त ठरतो, म्हणून नुसतं चिपचं नाव मिरवणाऱ्या जाहिरातीकडे मी आता संशयानेच पाहतो. जुन्या चिपांच्या मागे लागलेल्यांनी तर जास्तच जपावं. फिलिप्सच्या टीडीए १५४१ए चिपांवर मुकुटाची खूण असलेल्या निवडक प्रती येत, आणि साध्या चिपांवर नंतर मुकुट छापून विकायचा धंदा बराच जुना आहे.

परताव्यासाठी चिपचा मुद्दा मी सोडूनच दिला, त्यावर शब्दांचा कीस निघत राहिला असता. कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली ती पिन १ आणि ३ च्या व्हिडिओवर आणि ९६ वर संपणाऱ्या यादीवर. 'पूर्ण बॅलन्स्ड' आणि '३८४' हे शब्द जाहिरातीत होते, त्यामुळे पैसे परत आले. पण त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट लागला, आणि तो मी खरेदीच्या दिवशीच घेतला होता म्हणून निभावलं. तक्रार गेल्यावर पान पुन्हा उघडलं तेव्हा 'पूर्ण बॅलन्स्ड'च्या जागी 'एक्सएलआर आउटपुट' झालं होतं. बाकी मजकूर तसाच होता.