अपघात तपासणी सेवा: वाहनांची चिकित्सा चोख, वेगाचा हिशेब कच्चा

आमच्या मालवाहतूक संस्थेच्या व्हॅनने रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडक दिली, त्यानंतर गंभीर अपघातांची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या एका खासगी सेवेकडे आम्ही हे प्रकरण सोपवले. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून नेमके काय बदलावे, एवढेच आम्हाला हवे होते.

अहवालाचा सर्वांत भक्कम भाग वाहनांच्या तपासणीचा आहे. ट्रकचा मागचा दिवा चालू होता की नाही, यावर दोन्ही चालकांचे म्हणणे परस्परविरोधी होते. तपासनिसांनी बल्बमधली तार भिंगाखाली पाहिली: दिवा चालू असेल तर तापून मऊ झालेली तार धडकेच्या हिसक्याने ताणली जाऊन वेडीवाकडी होते, थंड तार मात्र जशीच्या तशी राहते किंवा कडकन तुटते. इथे ती मुळीच ताणलेली नव्हती, म्हणजे दिवा बंद होता. (एलईडी दिव्यांत अशी तारच नसल्याने हा पुरावा पुढे दुर्मीळ होत जाणार.) ट्रकच्या मागची संरक्षक पट्टी गंजून आधीच निखळली होती आणि म्हणूनच व्हॅनचा पुढचा भाग ट्रकखाली घुसला, हेही त्यांनी छायाचित्रांसह दाखवून दिले.

वेगाचा हिशेब मात्र पटला नाही. पथक उशिरा पोहोचले, तोवर टायरच्या खुणा पुसट झाल्या होत्या. शिवाय रस्त्याचे घर्षण जागेवर न मोजता त्याचा गुणांक (टायरला रस्त्याची पकड किती, हे सांगणारा आकडा) कोष्टकातून उचलला. हा तपशील किरकोळ नाही, कारण ३६ मीटर घसरून थांबणाऱ्या वाहनाचा वेग गुणांक ०.७ धरल्यास ताशी ८० किलोमीटर येतो, तर ०.५ धरल्यास सुमारे ६८. अशा वेळी किमान आणि कमाल वेग द्यायला हवा होता. अहवालात एकच आकडा ठामपणे छापला आहे.

शिफारशी अमेरिकी रस्ते-सुरक्षा तज्ज्ञ विल्यम हॅडन यांच्या सुप्रसिद्ध चौकटीनुसार, म्हणजे अपघातापूर्वी, अपघातात आणि अपघातानंतर, अशा मांडल्या आहेत. पहिले दोन भाग उपयुक्त आहेत. जखमींपर्यंत मदत किती वेळात पोहोचली, याविषयीचा तिसरा भाग जेमतेम अर्ध्या पानाचा आहे.

पथक किती तासांत घटनास्थळी येईल आणि घर्षण जागेवर मोजेल की नाही, या दोन अटी करारात लेखी घालता येत असतील, तरच ही सेवा घ्यावी.