आरओला चार तारे, डेमोला शून्य

कंपनीचं नाव लिहीत नाही. पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन बरं चालतंय, तक्रार डेमोची आहे.

सेल्समनने ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हीत कांड्या बुडवून वीज सोडली. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, वर फेस, आरओचं नितळ. सासूबाई किंचाळल्याच, "अगं बाई, हे पितो आपण?" तो म्हणाला, "आजी, सायंटिफिक टेस्ट आहे. संशोधनाने सिद्ध."

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ ढवळलं आणि म्हटलं, "दादा, आता लावा." तेही तपकिरी! क्षार असले की पाण्यातून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज खाली बसतो. घाण कांडीची, बदनामी नळाची.

आपलं म्हणणं खोटं पडेल अशी चाचणी आधी आपणच करून बघायची, मग संशोधन म्हणायचं. इथे नेमकी मिठाची पायरी गाळलेली.

त्याच्याच टीडीएस मीटरवर नळाचं पाणी 140 (लिटरला मिलिग्रॅम) होतं. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे 500 पर्यंत चालतं. शिवाय हा मीटर जंतू दाखवतच नाही, फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो.

मग घेतला कशाला? एप्रिल-मेमध्ये सोसायटी बोअरचं पाणी सोडते, तेव्हा तोच मीटर 850 दाखवतो. चहावर तवंग यायचा. आता येत नाही. वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसतो.

सासूबाई अजून माठातलंच पितात.